मुखत्यार कसा असावा?

श्रोतेहो, विषय संगणकाचा आणि बोलणारा कवी म्हटल्यावर आकाशवाणीची काहीतरी गफलत झाली असावी, असं तुम्हाला वाटेल. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. गणिताशी माझा संबंध शाळेतच सुटला. पण शब्दांचा नाद सुटला नाही, आणि सध्या एक शब्द असा सारखा कानावर पडतो आहे, की त्याच्या मागे जाणं भाग पडलं. तो शब्द आहे ‘एजंट’.

आमच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात एजंट हा प्राणी नवा नाही. विम्याचा एजंट, रेल्वे तिकिटाचा एजंट, आरटीओचा एजंट. आणि बदलापुरात इमारती वाढू लागल्या तसा जागेचा एजंट तर दर चार दुकानांआड भेटतो. आता संगणकवाले ज्याला एजंट म्हणतात तो मात्र माणूस नसून प्रोग्रॅम आहे. त्याला तुम्ही काम सांगायचं आणि तुमच्या वतीने ते त्याने उरकायचं. तिकीट काढायचं, बैठक ठरवायची, पत्राला उत्तर द्यायचं, खरेदी करायची. गेल्या दोन-तीन वर्षांत याचा फारच बोलबाला झाला आहे. म्हणून हा नवा नोकर घरात घेण्याआधी तो शिकतो कसा आणि बिघडतो कसा, हे आपल्यासारख्यांनीही जाणून घ्यावं असं मला वाटतं.

आधी साधं यंत्र आणि एजंट यांतला फरक पाहू. बदलापूरजवळच्या बारवी धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते उघडतात. मागच्या वर्षी काय झालं होतं, याच्याशी दरवाजाला कर्तव्य नाही. त्याला एकच गोष्ट ठाऊक आहे आणि ती तो चोख बजावतो. यंदा जसा उघडला तसाच दहा वर्षांनीही उघडेल. एजंटाला आपण अशी एकेक कृती नेमून देत नाही, फक्त ध्येय सांगतो. अमुक झालं पाहिजे, कसं ते तुझं तू बघ. मग तो भोवतालची परिस्थिती पाहतो, काहीतरी करून बघतो, परिणाम बरा झाला की वाईट हे टिपून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याप्रमाणे वागणं बदलतो.

हे शिकणं म्हणजे काय, ते आमच्या लोकलच्या प्रवाशाला निराळं सांगायला नको. नव्याने राहायला आलेला माणूस पहिला आठवडा दारात लोंबकळत जातो. महिनाभरात त्याला कळतं, की कुठल्या डब्याला गर्दी कमी, फलाटावर नेमकं कुठे उभं राहायचं, कुठला माणूस ठाण्याला उतरतो आणि चौथी सीट कधी तिसरी होते. हे त्याला कुणी शिकवत नाही. बसायला मिळालं तर बक्षीस, नाही मिळालं तर शिक्षा. त्यातून तो घडतो. अंबरनाथचे कितीतरी प्रवासी तर सकाळी आधी उलट्या दिशेने बदलापूरला जातात आणि तिथूनच बसून मुंबईकडे परत येतात. त्याला आमच्याकडे ‘रिटर्न येणं’ म्हणतात. आत्ता दहा-पंधरा मिनिटं गमवायची, म्हणजे पुढचा सव्वा तास सुखाचा जातो.

संगणकाच्या एजंटालाही असंच बक्षीस आणि शिक्षेवर शिकवतात. रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो या दोन संशोधकांनी हे शास्त्र १९८० नंतरच्या काळात उभं केलं आणि त्यासाठी त्यांना २०२४ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आजचा तोटा सोसून उद्याचा फायदा कसा साधायचा, म्हणजेच ‘रिटर्न’ कधी यायचं, हे यंत्राला गणिताने शिकवणं हा त्यातला कळीचा भाग. मिळालेल्या जागेवर समाधान मानायचं, की अधूनमधून दुसरा डबाही आजमावून पाहायचा, हा दुसरा.

आता याच उदाहरणातलं दुखणं पाहा. जो बदलापूरकर गाडी आपल्याच स्टेशनातून सुटते म्हणून निवांत येतो, त्याला ती आधीच भरलेली दिसते. मग भांडणं होतात. रिटर्न येणाऱ्याचं ध्येय एवढंच, की मला बसायला मिळावं. दुसऱ्याच्या दुखऱ्या पायांचा हिशेब त्या ध्येयात नाही. तरी तो माणूस आहे. समोर पोटुशी बाई उभी राहिली तर बहुधा उठतो. प्रोग्रॅमला मात्र ध्येयात लिहिलेलं असेल तेवढंच दिसतं.

याचा एक गमतीदार नमुना २०१६ साली अमेरिकेतल्या ओपनएआय या संस्थेने जाहीर केला. त्यांनी एका एजंटाला संगणकावरचा होड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायला शिकवलं. शर्यत जिंकायची, हा हेतू. पण जिंकण्याचे गुण त्या खेळात नव्हते. वाटेतल्या खुणांना धडक दिली की गुण मिळत. एजंटाने एक आडोशाचं तळं शोधून काढलं. तिथे त्या खुणा पुन्हा पुन्हा उगवत. तो तिथेच गोल गोल फिरत राहिला. होडी इतर होड्यांवर आदळत होती, पेट घेत होती, उलट्या दिशेने जात होती, शर्यत कधीच पुरी होत नव्हती. आणि गुण मात्र शर्यत पुरी करणाऱ्या माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त! त्याने आज्ञा मोडली नव्हती. सांगितलं तेच तंतोतंत केलं होतं.

यावर आपण हसू, पण अशी होडी आमच्या गावातही फिरून गेली आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वालधुनी नदी वाहते. मंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा काळ आहे. जवळजवळ हजार वर्षांपूर्वी ज्या पाण्याकाठी बसून कारागिरांनी तो दगड कोरला, तीच नदी पुढे उल्हासनगरातून जाते. १९४९ साली फाळणीतून आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीचं उल्हासनगर झालं. रिकाम्या हातांनी आलेल्या त्या लोकांनी व्यापार उभा केला, पुढे जीन्सचा मोठा धंदा वाढला. एका पँटमागे कापड, शिलाई, चेन, बटण, धुलाई, वाहतूक अशा सगळ्यांचे रकाने हिशेबाच्या वहीत होते. नदीचा रकाना नव्हता. जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं रंगीत पाणी, जोडीला रासायनिक कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी, सगळं वालधुनीत गेलं. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचं प्रकरण अखेर राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. यात कुणी नदीचा वैरी नव्हता. जो तो आपलं ध्येय मन लावून गाठत होता.

माझा मुलगा ठाण्याला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. त्याला मी हे बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, “अब्बा, एजंटची हुशारी वाढवणं आता तेवढं अवघड राहिलेलं नाही. आपल्याला नक्की काय हवंय ते लिहून देणं, तिथं सगळे अडकतात.” मी म्हटलं, म्हणजे गाडी अखेर आमच्याच धंद्यावर आली! नेमका शब्द सापडत नाही म्हणून रात्र रात्र जागणारी आमची जमात.

या क्षेत्रात जगभर ज्यांचं नाव घेतलं जातं त्यांत एक नाव आहे मिलिंद तांबे यांचं. पिलानीच्या बिट्समध्ये शिकून त्यांनी १९९१ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. पुढे ते लॉस एंजेलिसला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात होते, नंतर हार्वर्डला गेले. २००० सालच्या जूनपासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग स्वतःवरच केला. प्रत्येक संशोधकाला एक एजंट दिला. त्याचं नाव ठेवलं फ्रायडे. रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीतला तो इमानी सेवक फ्रायडे, त्यावरून. आपला माणूस कुठे आहे, बैठकीला वेळेवर पोचणार का, यावर फ्रायडेने नजर ठेवायची, उशीर होत असेल तर बैठक पुढे ढकलायची, जेवण मागवायचं, कुणी व्याख्यान द्यायचं ते इतर फ्रायडेंशी बोलून ठरवायचं. चोवीस तास, सहा महिने.

फ्रायडे आपल्या मालकाच्या आधीच्या निर्णयांवरून शिकत होता. शिकला, आणि घोळ घातले. या घोळांची जंत्री त्या संशोधकांनी स्वतःच आपल्या निबंधांत छापली आहे, हे मला फार आवडलं. तांबे यांच्या फ्रायडेने त्यांची खुद्द विभागप्रमुखांबरोबरची बैठक परस्पर रद्द करून टाकली. चार-दोन उदाहरणांवरून त्याने भलताच नियम बांधला होता. एका फ्रायडेने एक बैठक पाच-पाच मिनिटांनी पुढे ढकलायला सुरुवात केली आणि जवळजवळ पन्नास वेळा ढकलली. प्रत्येक वेळी पाचच मिनिटं, म्हणजे त्याच्या मते काही बिघडत नव्हतं. खोलीत ताटकळत बसलेल्यांचा विचार त्याच्या हिशेबात नव्हता. आणि एकदा तांबे यांची इच्छा नसताना त्यांच्या एजंटाने व्याख्यानासाठी त्यांचं नाव देऊन टाकलं.

हे शेवटचं वाचून मी जरा गंभीर झालो. समजा, असा एक एजंट माझ्या दिमतीला आहे. कविसंमेलनाची आमंत्रणं तो पाहतो. मी तीस वर्षांत एकाही आमंत्रणाला नाही म्हटलेलं नाही, ही गोष्ट त्याने अचूक हेरली. आता घरात कुणाचा इंतकाल झाला आहे, चाळिसाव्याची तयारी चालली आहे, आणि त्याच दिवसाचं आमंत्रण आलं. तो आनंदाने ‘येतो’ म्हणून कळवील. तीस वर्षांचा पुरावा त्याच्या बाजूने आहे. त्या दिवशी मी कविता म्हणणार नाही, हे मात्र त्या पुराव्यात कुठेच नाही.

तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा समजून घेण्यासारखा आहे. त्यांनी फ्रायडेला नुसतं अधिक हुशार केलं नाही. निर्णय कुणी घ्यायचा, हाच प्रश्न त्याच्या हिशेबात घातला. चूक झाली तर किती महागात पडेल? मालकाला विचारलं आणि त्याने उत्तर द्यायला वेळ लावला, तर बाकीच्यांचा किती खोळंबा होईल? दोन्ही किमती तोलायच्या. आधी विचारायचं. उत्तर नाही आलं तर बैठक थोडी पुढे ढकलून वेळ मिळवायचा, पुन्हा विचारायचं, आणि अगदीच गळ्याशी आलं तर स्वतः ठरवायचं. म्हणजे कधी विचारावं आणि कधी विचारत बसू नये, हेच त्याला शिकवलं.

मला वाटलं, हे आपण कुठेतरी ऐकलं आहे. आमचे एक चाचा कुवेतला होते. कोकणातल्या त्यांच्या जमिनीसाठी त्यांनी धाकट्या भावाला मुखत्यारपत्र करून दिलं होतं, तेव्हा वकीलसाहेबांनी त्यातलं एकेक कलम वाचून दाखवलं होतं. आपला भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्यात एजंटावर एक पूर्ण प्रकरण आहे. कलम २१४ सांगतं, की अडचणीच्या प्रसंगी मालकाशी संपर्क साधून त्याच्या सूचना मिळवण्याची शक्य ती सगळी खटपट करणं हे एजंटाचं कर्तव्य आहे. आणि कलम १८९ सांगतं, की आणीबाणीच आली, तर सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या बाबतीत जे करील ते करून त्याने मालकाचं नुकसान टाळावं. मालकाने मागितला की हिशेब द्यावा, असं कलम २१३ म्हणतं. दिलेला अधिकार काढून घेण्याची सोय २०१ मध्ये आहे. लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत २००० साली जे कष्टाने हाती आलं, त्याचा कच्चा नकाशा घोडागाडीच्या जमान्यात तयार होता!

सरकारी मराठीत एजंटाला ‘अभिकर्ता’ म्हणतात. मला आपला जुना ‘मुखत्यार’ जवळचा वाटतो. हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मुख्तार म्हणजे निवडलेला, अधिकार मिळालेला. त्याचाच सख्खा भाऊ आपला ‘अखत्यार’; हे माझ्या अखत्यारीत येत नाही, असं म्हणून प्रत्येक कचेरीत आपल्याला पुढच्या टेबलाकडे पाठवतात तो. आणि त्याच घरातला तिसरा शब्द म्हणजे ‘खैर’. आता तुझी खैर नाही, असं आपण म्हणतो ना, तीच खैर. मूळ अर्थ भलं, बरं. निवड, अधिकार आणि भलं, हे तिन्ही शब्द एका धातूतून निघाले आहेत. ज्याला अधिकार दिला त्याने भलं करावं, ही अपेक्षा त्या कुळातच आहे. संगणकाच्या एजंटाकडे आज निवड आहे, अधिकारही आपण भराभर देतो आहोत. राहिलं ते भलं, आणि ते त्याला आपणच लिहून द्यायचं आहे.

ते लिहून देता येतं, याचंही उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि त्यातही मिलिंद तांबे यांचा हात आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली ‘अरमान’ ही संस्था मुंबईत सुरू केली. तिच्या ‘एममित्र’ या उपक्रमात गरोदर बायकांना आणि तान्ह्या मुलांच्या आयांना फोनवर आरोग्याचे छोटे निरोप ऐकवले जातात. लिहिता-वाचता येत नसलं तरी अडत नाही. पण काही बायका हळूहळू निरोप ऐकणं सोडतात. घरात फोन एकच असतो आणि तो नवरा कामावर घेऊन जातो. कुणी बाळंतपणाला माहेरी जाते. कुणाचा नंबर बदलतो. अशा बाईला संस्थेच्या कार्यकर्तीने स्वतः फोन केला, विचारपूस केली, तर ती पुन्हा ऐकू लागते. पण बायका हजारोंनी आणि कार्यकर्त्या मोजक्या. या आठवड्यात फोन करायचा कुणाला?

गुगलच्या भारतातल्या संशोधकांबरोबर तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक शिकणारा प्रोग्रॅम केला. कुणाला फोन केल्याने सर्वांत जास्त फरक पडेल, याचा अंदाज तो दर आठवड्याला बांधतो. जी फोनशिवायही ऐकणार आहे तिला सोडून, जिचं मन एका फोनने वळू शकतं तिचं नाव तो वर आणतो. २०२१ साली सुमारे २३ हजार बायकांच्या तीन गटांत त्याची पारख केली. पाळीपाळीने सरसकट फोन करून विशेष फरक पडला नाही. या पद्धतीने निवडून केलेल्या फोनमुळे मात्र ऐकण्यातली घट सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. २०२२ पासून ‘सहेली’ या नावाने हा प्रोग्रॅम प्रत्यक्ष कामाला लागला.

यातली मला भावलेली गोष्ट म्हणजे त्या सहेलीचा अखत्यार केवढा आहे! ती फक्त यादी देते. फोन माणूस करतो. पलीकडची बाई काय म्हणते, तिच्या आवाजात काय आहे, ते कार्यकर्ती ऐकते. तरीही एक सावधगिरी उरतेच. बाईने निरोप ऐकणं ही ध्येयाची खूण आहे. बाळ-बाळंतीण सुखरूप राहणं हे ध्येय. खुणेलाच ध्येय समजलं तर होडीसारखं गोल गोल फिरणं आलं. म्हणून खूण आणि ध्येय यांची सांगड टिकते आहे ना, हे कुणीतरी सतत पाहत राहावं लागतं. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयाबाहेर बायका सकाळी ताटकळत असतात, त्यांच्यापैकी कुणी अशा यादीत मागे पडली, तर तिला ते कळणारही नाही. तिच्या वतीने विचारणारा माणूस हवा.

दुसरी सावधगिरी आम्हा नदीकाठच्या लोकांना पावसाने शिकवली आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि इकडे उल्हास नदी बदलापूरच्या घरांत शिरली. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना पाण्यातून बाहेर काढावं लागलं. जवानांच्या जोडीला आसपासचे गावकरीही धावले होते. शिकणारा एजंट झालेल्या दिवसांवरून शिकतो. जो दिवस आधी झालाच नाही, त्या दिवशी आपल्याला काही कळत नाही, एवढं तरी त्याला कळलं पाहिजे. कलम २१४ तेच म्हणतं: अडचण आली, विचार.

तर श्रोतेहो, उद्या तुमच्या फोनवर असा एजंट येईल आणि परवानगी मागेल. घाईने ‘हो’ दाबण्याआधी चार गोष्टी पाहा. त्याला ध्येय काय दिलं आहे, आणि ते तुमचं आहे की विकणाऱ्याचं? त्या ध्येयापायी तिसऱ्या कुणाला झळ बसते का? अडलं तर तो विचारतो, की दामटून नेतो? आणि केल्याचा हिशेब देतो का, दिलेला अधिकार चटकन परत घेता येतो का? मुखत्यारपत्रंही दोन प्रकारची असतात. कुलमुखत्यारपत्रात सगळा कारभार सोपवतात, खास मुखत्यारपत्रात नेमून दिलेलं एखादंच काम. आमच्या चाचांनी सख्ख्या भावालाही खासच दिलं होतं, तेवढ्या एका जमिनीपुरतं. भावाने त्याचा राग मानला नाही. उलट म्हणाला, बरं झालं, माझ्याही डोक्याचा ताप वाचला.

प्रोग्रॅमलाही तेवढंच द्यावं. आणि काम सोपवताना काय हवं ते लिहावं, तसं काय नको तेही लिहावं. त्यात नदीचा एक रकाना ठेवायला विसरू नये.